दोन टक्के आपल्यासाठी कुणीही बाजूला काढून ठेवलेले नाहीत

सोमवारच्या बैठकीला नाना राजीनामा लिहूनच आले. तीस वर्षं आमच्या वाचनालयाचा पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस. कारण विचारलं तर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "वाचा ताई. आपल्यालाच जमलं नाही म्हणायचं."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ग्रंथालयांच्या आणि नाट्यमंडळांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. अनुदान आटतंय म्हणून रडत बसू नका, असं म्हणून पाच मुद्दे दिलेत: खरी कला सरकारच्या पैशावर कधी जगलीच नाही, प्रत्येक कंपनीला कायद्याने नफ्याचे दोन टक्के संस्कृतीला द्यावेच लागतात म्हणून फक्त अर्ज करा, हॉल लग्नकार्याला द्या, प्रयोग यूट्यूबवर टाका, तिकीट लावा. खाली शेवटची ओळ: हेही जमत नसेल तर संस्थेला कुलूप लावा. नाना खचले ते त्या ओळीने.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो धडधडीत खोटा आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे बुडताहेत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. कुणीही उघडून वाचावं. प्रत्येक कंपनीला ते लागू नाही. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी गाठलेल्या कंपनीलाच आहे. तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करायचे, पण ते फक्त संस्कृतीवर नव्हे. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी, पर्यावरण, ग्रामविकास अशी लांबलचक यादी आहे. कला, वारसा आणि सार्वजनिक ग्रंथालयं हा तिच्यातला एक मुद्दा, आणि त्याला राखीव वाटा काही नाही. दवाखाना आणि पाण्याची टाकी मागणाऱ्यांच्याच रांगेत आपणही.

पुढे तेच कलम म्हणतं की कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. वाळूज-शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतींच्या जवळच्या संस्थांनी जरूर दार ठोठवावं. पण ज्या तालुक्यात जिनिंग आणि दालमिलपलीकडे काही नाही, तिथल्या भजनी मंडळाने कुणाचं दार ठोठवायचं? आणि कागद? ट्रस्ट किंवा सोसायटीची नोंदणी, १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला करवजावट), तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची, म्हणजे हा निधी घेणाऱ्या संस्थेने भरायच्या सरकारी अर्जाची, नोंदणी. "फक्त अर्ज करा" यात हे सगळं येतं का? शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाने हाच मेसेज वाचून एका एजंटाला पंधरा हजार दिले. आता तो फोन उचलत नाही. ते पैसे त्यांनी नाटकाच्या पडद्यासाठी जमवलेले होते.

हॉल लग्नाला द्या म्हणणाऱ्याने एकदा सकाळी सहाला आमच्याकडे यावं. दार उघडायच्या आधी पायरीवर पोरं बसलेली असतात. खेड्यावरून पहिल्या एसटीने येणारी एक लेक डबा खिडकीत ठेवते आणि रात्री दिवे घालवेपर्यंत भरतीचा अभ्यास करते. लग्नसराईत तिला कुठे पाठवू? घरी तिला बसायला कोपरासुद्धा नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. निजामाच्या राज्यात मराठीला राजाश्रय नव्हता, तरी वाचनालयं लोकवर्गणीतून उभी राहिली. गोंधळही टिकला, परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्यांनी तो अंगणातून मंचावर नेला. पण गोंधळामागे कुळाचार आहे. लग्न झालं की घर स्वतःहून गोंधळ्याला बोलावतं, दिवटी पेटते, शिधा-दक्षिणा मिळते. वाचनालयाचा कुळाचार कुठल्याच घरात नसतो. दोन अंकी नाटकाला कुणी नवस बोलत नाही.

यूट्यूबबद्दल एवढंच: जाहिरातीतून पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. तालमीचा चहा त्यातून निघणार नाही.

तिकिटाचं मात्र ऐकायला हवं, कितीही राग आला तरी. फुकट पासाची सवय आपणच लावली. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, मग पन्नास रुपये मागायला लाज कसली? वर्गणीचंही तसंच. तीनशे घरांनी महिना पन्नास दिले तर वर्षाला एक लाख ऐंशी हजार होतात. दोन हजारांवरची देणगी रोख घेऊ नका, देणाऱ्याची ८०जी ची वजावट जाते. नव्या करपद्धतीत ती तशीही मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. तीन-चार मंडळांनी मिळून दिव्यांचा एकच संच घ्यावा. तेच नाटक तीन गावी लावावं.

पण ही वर्गणी अनुदानाच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे. २०१२ नंतर ग्रंथालयांचं अनुदान वाढायला २०२२ उजाडलं, तेव्हा कुठे साठ टक्के वाढ मिळाली. मधल्या दहा वर्षांत पुस्तकं, वीज, कागद सगळं महागलं आणि ग्रंथपाल त्याच तुटपुंज्या पगारावर बसला. अनुदान वेळेवर आणि पुरेसं मागणं याला रडणं म्हणायचं नाही. नानांनी दरवर्षी फायली घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घातले म्हणून आमचं दार उघडं राहिलं.

राजीनामा मी त्यांच्या हातात परत दिला. १२ए च्या अर्जाची फाईल आता त्यांच्याच टेबलावर आहे. हा मेसेज ज्यांनी ग्रुपवर टाकलाय त्यांनी निदान दुसरा मुद्दा आजच्या आज काढावा. आणि ज्या मंडळाला सीएसआर-१ भरायचाय त्यांनी आधी आपल्या सीएकडे जावं, अर्जावर त्याचं किंवा कंपनी सेक्रेटरीसारख्या व्यावसायिकाचं प्रमाणपत्र लागतंच. एजंटाला एक रुपयाही देऊ नका.