गेटला कुलूप लावलं की पोरं सुधारतात म्हणे

आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय, मागच्या वस्तीतली पोरं. कुंपणाची जाळी एका ठिकाणी वाकलीय, तिथून ती संध्याकाळी आत येऊन आमच्या रिकाम्या प्लॉटवर खेळतात, तर आता कमिटीने ठरवलंय की जाळी दुरुस्त करायची, गेटला कुलूप घालायचं आणि तिथे टर्फ टाकून तासाच्या भाड्याने द्यायचं. इथपर्यंत मी गप्प होतो. पण एका काकांनी लिहिलं की ही पोरं शिव्या देतात, आपल्या मुलांना काय वळण लागणार, आणि खेळून त्यांचं तरी काय भलं होणारे, त्यापेक्षा कुणीतरी त्यांना कॉम्प्युटर शिकवा. खाली अंगठ्यांची रांग. आणि हाच ग्रुप बरं का, ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा फुलं, झेंडे आणि "मातीतला हिरा" यांनी वाहत होता. मातीतला हिरा चालतो, नुसती माती नको.

मी एवढंच लिहिलं की प्लॉट उघडा ठेवा, हवं तर वेळ ठरवून द्या. लगेच उत्तर आलं, "साहेब, तिकडे बसून बोलणं सोपं असतं."

तिकडे म्हणजे कुठे हे यांना माहीत तरी आहे का? यांच्या डोक्यात मी लंडनच्या ब्रिजवर फोटो काढत फिरतो. मी राहतो वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला. टाटांच्या स्टील कारखान्याचं गाव, २०२४ च्या सप्टेंबरात शेवटची भट्टी बंद झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आता इलेक्ट्रिक भट्टी येतेय पण तिला एवढी माणसं लागत नाहीत. घर स्वस्त मिळालं म्हणून मी इथे, ऑफिस स्वान्सीला. आणि दर रविवारी सकाळी मी पोराला घेऊन रग्बी क्लबवर असतो, बहुतेक वेळा पावसात, चिखलात, आणि गेल्या सीझनपासून अंडर-थर्टीन्सच्या चहाच्या खिडकीमागे, कारण माझं डीबीएस, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची गुन्हेगारी रेकॉर्डची तपासणी, झालंय आणि मला ऑफसाइड काही केल्या कळत नाही, मग माणसाला कुठेतरी उभं करायचंच.

आता काकांच्या शिव्यांच्या तक्रारीबद्दल. आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे, टीचरला शिव्या घातल्या म्हणून शाळेने काढलेला, घरी काय चाललंय ते सगळ्यांना माहितीय आणि कुणी बोलत नाही. आला तेव्हा समोर येईल त्याला ढकलायचा. कोच पूर्वी भट्टीवर होता, त्याने या पोराला पहिले काही आठवडे पळूच दिलं नाही. गुडघ्यावर बसवायचा, समोरच्यालाही गुडघ्यावर, आणि टॅकल शिकवायचा. डोकं बाजूला, गाल समोरच्याच्या ढुंगणाला चिकटलेला, दोन्ही हात आवळायचे आणि मग सावकाश खाली. दुसऱ्याला पाडायचं पण लागू द्यायचं नाही. रागाचं काय करायचं हे त्या पोराला बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी हात धरून दाखवलं. आणि रग्बीत रेफ्रीशी फक्त कॅप्टन बोलतो, तोही "सर" म्हणून. आता हा पोरगा कॅप्टन आहे. रेफ्री बारावीतल्या पोराएवढा, मिशी न फुटलेला, आणि हा त्याला म्हणतो "सॉरी सर". शिव्या गेल्या का? कुठल्या जातायत, बसमध्ये ऐका. पण मैदानावर नाहीत.

बुटांचंही सांगतो. क्लबहाउसच्या पॅसेजमध्ये एक प्लास्टिकचा क्रेट आहे, त्यात लहान झालेले बूट टाकतात, टाचेवर मार्करने साइज. ज्याला लागतील त्याने घ्यावेत. कुणी कुणी घेतले याची वही नाही, फोटो नाही, "वंचित मुलांना बूटवाटप" असा बॅनर नाही. सब्ज, म्हणजे क्लबची वर्गणी, भरता आले नाहीत तर सेक्रेटरी विचारत नाही. मॅचनंतर दोन्ही टीमला सॉसेज-चिप्स, आणि काही पोरं दुसऱ्यांदा रांगेत लागतात तेव्हा मी वाढतो आणि दुसरीकडे बघतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आधीच्या बाई तसं करायच्या म्हणून मीही करतो.

वेल्समध्ये हा खेळच मुळी खाणीतल्या आणि भट्टीवरच्या माणसांचा, म्हणून असं जमतं. पलीकडे इंग्लंडमध्ये तो बराचसा महागड्या बोर्डिंग शाळांतल्या साहेबपोरांचा आहे, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. कशाला लिहू.

तर काका म्हणाले, रग्बी हा काय आपला खेळ आहे का. मग मी जरा तापलोच. म्हटलं, मॅजिक बस नाव ऐकलंय ना, १९९९ ला सुरू झाली, तिची सुरुवात मुंबईतल्या रग्बीतूनच आहे. मॅथ्यू स्पेसी म्हणून एक जण मुंबईत नोकरीला होता, बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळायचा, बाहेर फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवरची पोरं बघत उभी असायची, त्याने त्यांना आत खेळायला बोलावलं. त्याच जिमखान्यावर १९३३ ला भारतातली पहिली टेस्ट झाली, लाला अमरनाथांनी सेंच्युरी मारली, आणि मेंबरशिप मात्र गोऱ्यांनाच. साहेब गेला, कुलूप आपण ठेवून घेतलं.

यावर एका ताईंचं उत्तर: "म्हणजे शेवटी गोऱ्यानेच केलं ना? तुला त्यांचंच कौतुक." हे लागलं मला, खोटं कशाला बोलू. मी खाशाबा जाधव काढले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले, ते काय गोरे होते? यावर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि विषय तिथेच. खाशाबांनी मेडल आणलं ना, मग गहाणखत वसूल. आमच्या अंडर-थर्टीन्समधला एकही पोरगा वेल्सकडून खेळणार नाहीये, कोचला माहितीय, पोरांना पण माहितीय. तरी रविवारी एखादा आला नाही की कोच त्याच्या दारात गाडी घेऊन उभा. मेडल न आणणाऱ्या पोराला कुणीतरी शोधत येतं, एवढंच मला ग्रुपवर सांगायचं होतं आणि ते काही मला नीट टाइप करता आलं नाही.

आणि मी तरी इथला आहे का? भट्टी बंद झाली त्या हिवाळ्यात बारवर एकाने मला सरळ विचारलं, तू टाटाचा का? मी म्हटलं नाही, मी आयटीत आहे. तो बरं म्हणाला आणि त्याने मला लेमोनेड पाजलं, पण मला घाम फुटला होता, कारण टाटा म्हटलं की आमच्या घरात मान आदराने खाली जाते आणि या गावात लोक दुसऱ्याच सुरात ते नाव घेतात, आणि दोन्ही ऐकताना मला आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. पोराचं तसं नाही, तो इथलाच, त्याला मराठीत राग व्यक्त करता येत नाही.

बायको म्हणते, त्या ग्रुपमधून बाहेर पड, बीपी वाढतं. फ्लॅट भाड्याने दिलाय, मेंटेनन्स माझ्या खात्यातून जातो, म्हणजे त्या कुलपात माझाही वाटा असणार, मग बाहेर कसा पडू? आणि खरं सांगायचं तर इथे मला कडकडून मराठीत भांडायला आहे कोण. आत्ताच टँकरचं बिल कोणी भरायचं यावरून सुरू झालंय, त्यावरही माझं मत आहे.