दीडशे हॉर्सपॉवर देऊन दीडशे हॉर्सपॉवर घेतले

शेवटी गेल्या महिन्यात माझी स्कोडा स्लाव्हिया गाडी विकली. झाशीच्या एका डॉक्टरांनी घेतली, चांगल्या घरी गेली, आणि त्याच आठवड्यात मी भोपाळहून स्कोडाचीच २००५ सालची ऑक्टाव्हिया व्हीआरएस (ऑक्टाव्हियाची जास्त जोरदार आवृत्ती) घेऊन आलो. तेव्हापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जो भेटतो तो आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग हळू आवाजात विचारतो की सगळं ठीक आहे ना, पैशाची काही अडचण तर नाही. नात्यात एक उत्तर, ऑफिसात दुसरं, महाराज बाड्याच्या चौकात चहा पिताना तिसरं, असं करून दमलो म्हणून इथं एकदाच नीट लिहितोय. लांब झालंय, सवडीने वाचा.

आधी हे सांगतो की स्लाव्हियाने मला कधीच काही त्रास दिला नाही. २०२४ च्या मेळ्यात घेतली होती. ग्वाल्हेरवाल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्या व्यापार मेळ्यात सरकारने सूट जाहीर केली की गाडीच्या आरटीओ टॅक्समध्ये सरळ ५० टक्के वाचतात, त्यामुळे इंदूर-भोपाळचे लोकसुद्धा इथं येऊन गाडी उचलतात. माधवराव महाराजांनी १९०५ ला जनावरांचा मेळा म्हणून सुरू केला होता, आज तिथं गाड्यांची रांग लागते. तर माझेही ऐंशी-नव्वद हजार वाचले आणि घरी आली १.५ लिटर टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १५० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच समजा), २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद. हायवेवर आरामात चालली असेल तर चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद करून पेट्रोल वाचवते, पाय दाबला की परत चारही चालू, आणि हे होताना सीटवर बसलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच स्टार. ज्यांना घ्यायचीय त्यांनी बिनधास्त घ्या, माझ्याकडून पूर्ण शिफारस.

मग विकली का?

त्याचं खरं कारण मला एका रात्री कळलं. कामासाठी मी आठवड्यातून दोनदा झाशीला जातो, टेकनपूर, डबरा, दतिया, ओळखीचा रस्ता. त्या रात्री घरी येऊन गाडी लावली आणि बायकोने विचारलं डबऱ्याला ट्रॅफिक होतं का, तर मला आठवेच ना. म्हणजे मी शंभर किलोमीटर गाडी चालवून आलो होतो आणि त्यातला एकही क्षण माझ्यापाशी नव्हता. मग बसून विचार केला, एकतीस हजार किलोमीटर झाले होते गाडीचे, त्यातली मला आठवणारी चक्कर कुठली? एकही नाही. ज्या माणसाने कॉलेजात जेवणाचे पैसे वाचवून गाड्यांची मासिकं घेतली, त्याला एकतीस हजार किलोमीटरमधलं काहीच आठवू नये याचं मला फार वाईट वाटलं. रात्रभर झोप नाही आली.

आता थोडं मागे जातो. २००५ ला मी माधव इन्स्टिट्यूटमध्ये थर्ड इयरला होतो. गोले का मंदिरच्या बाजूला पेट्रोल पंपावर एक काळी ऑक्टाव्हिया उभी होती, मागे डिकीवर तो हिरव्या व्ही चा आरएस बॅज. आम्ही तिघं मित्र एका लुनावर होतो, उतरून बघत बसलो. गाडीवाले काका इतके चांगले की त्यांनी स्वतःहून बॉनेट उघडून दाखवलं. १७८१ सीसी, टर्बो पेट्रोल, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन आत घ्यायला आणि दोन बाहेर सोडायला, चार सिलिंडरचे मिळून वीस. तेव्हा आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल, एवढंच लोकांना माहीत, पेट्रोलमध्ये टर्बो हे आमच्यासाठी परदेशातलं काहीतरी होतं. युरोपातल्या आरएसला १८० हॉर्सपॉवर, आपल्याकडे १५० वालं इंजिन आलं, पण मारुती आठशेच्या त्या जमान्यात १५० सुद्धा ऐकून कान गरम व्हायचे. काकांनी गाडी सुरू केली, पंपावरून बाहेर काढली आणि दुसऱ्या गिअरमध्ये जी दाबली, तो आवाज मी वीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय.

आणि गंमत बघा, स्लाव्हियाचे १५० आणि या म्हातारीचेही १५०. कागदावर मी काहीच कमावलं नाही, उलट टॉर्क ४० ने कमी झाला, २५० चा २१० आला. दोन गिअर गेले, टचस्क्रीन गेला, थंड हवेच्या सीट गेल्या. दोन्ही गाड्या महाराष्ट्रातल्याच, स्लाव्हिया चाकणची आणि ही औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेली. आमचं घराणंसुद्धा शिंद्यांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून इथं आलं आणि इथलंच झालं, त्यामुळे या गोष्टीचं मला विशेष कौतुक वाटतं.

गाडी मूळची दिल्लीची. तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर नकोत हा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश सुप्रीम कोर्टाने २०१८ ला कायम केला, तेव्हा तिच्या मालकाला ती भंगारात द्यायचं जिवावर आलं म्हणून मुदत संपायच्या आत एनओसी काढून त्यांनी ती भोपाळच्या भावाला दिली. त्या भावाने सगळी बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवलेली, कुठल्या किलोमीटरला कुठलं तेल घातलं तेसुद्धा. ती फाइल बघितली आणि मी भाव करायचं सोडूनच दिलं. पावणेचार लाख दिले. चावी देताना त्यांचे डोळे भरले होते आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही.

भोपाळहून ब्यावरा, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेर, चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. नोव्हेंबरची सकाळ होती. पहिले पन्नास किलोमीटर मी घाबरतच चालवली, क्लच जड, गिअर टाकताना हाताला खट् असं लागतं, स्टीअरिंगमध्ये तेलाचा पंप आहे, नव्या गाड्यांसारखी इलेक्ट्रिक मोटर नाही, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक सांधा तळहातात येतो. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त, काही विचारूच नका, आणि मग टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला चिकटते. ही जी मधली वाट बघणं आहे ना, हेच नव्या गाडीत नव्हतं. तिथं पाय दाबला की काम झालं. इथं ट्रक ओलांडायचा तर आधीच बघावं लागतं, चौथ्यातून तिसरा टाकायचा, आरपीएम वर आणून ठेवायचा, समोरचा रस्ता मोकळा झाला की सोडायची. चुकला अंदाज तर ट्रकच्या मागे बसून राहा. गुनापर्यंत चार-पाच वेळा चुकला. त्यानंतर नाही चुकला, आणि तेव्हा मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येत नाही.

बदरवास सोडलं आणि लुकवासाच्या अलीकडे बॉनेटमधून सुस्स आवाज यायला लागला, गाडी उभी केली की इंजिन थरथरायला लागलं. पोटात गोळाच आला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आणि कान लावून एक एक पाइप ऐकत गेलो. व्हॅक्युमचा एक बारका रबरी पाइप टोकाला फाटलेला, वीस वर्षांचं रबर, त्याचं वयच झालं, दोष कुणाचाच नाही. सीटखालच्या डब्यात कटर आणि क्लॅम्प होते (आधीच्या मालकांनी ठेवलेले, देव भलं करो), फाटलेलं टोक इंचभर कापलं, उरलेला पाइप ओढून परत बसवला. गाडी पहिल्यासारखी. एक शेतकरी दादा ट्रॅक्टर थांबवून बघत होते, म्हणाले, "भैया, खुद ही ठीक कर ली?" मी इंजिनिअर आहे, डिग्री आहे माझ्याकडे, पण स्वतःच्या गाडीचं काहीतरी स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची ही माझी पहिली वेळ होती. बेचाळिसाव्या वर्षी.

त्या दिवसाचा प्रत्येक किलोमीटर मला आठवतो. कोलारसच्या पुढे ऊन कसं पडलं होतं तेसुद्धा.

घरी बाबा चिडले. त्यांचा मुद्दा खरा होता आणि मी तो टाळणार नाही. ते म्हणाले, पाच स्टारवाली गाडी देऊन तू वीस वर्षांपूर्वीची गाडी आणलीस, तुला पोरगी आहे. याला माझ्याकडे बचाव नाही. वीस वर्षांत गाड्यांच्या सुरक्षिततेत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय आणि जो कुणी म्हणतो की जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता म्हणून त्या जास्त सुरक्षित, तो चुकीचं सांगतोय. पत्रा जाड असून उपयोग नाही, धक्का बसल्यावर पुढचा भाग कसा दुमडतो आणि आतली जागा कशी वाचते हे महत्त्वाचं. म्हणून आमच्याकडे ठरलंय, लेक या गाडीत बसणार नाही. ती बायकोच्या नेक्सॉनमध्ये, तिच्या चाइल्ड सीटवर. रात्रीचा हायवे मी या गाडीने करत नाही, हेडलाइट आजच्या मानाने कमजोर आहेत. झाशीला बहुतेक वेळा आता ट्रेनने जातो. ज्याच्या घरी एकच गाडी आहे त्याने माझं बघून हे करू नये, कळकळीने सांगतोय.

आई मात्र काही बोलली नाही. आई गाणं शिकवते, आमच्या ग्वाल्हेर घराण्याचंच, जीवाजीगंजच्या घरी संध्याकाळी तीन-चार मुली येतात. मुलींच्या मोबाइलमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे, सुरात, कधी उतरत नाही, स्पीकरला लावलं की झालं. आई तरी रोज तानपुरा काढते, खुंट्या पिळते, मणी सरकवते, जवारीचा दोरा नखाने इकडेतिकडे करत बसते, दहा मिनिटं जातात. लहानपणी मला वाटायचं हा वेळ फुकट जातो. रविवारी मी बॉनेट उघडून बसलो होतो तर आई चहा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "लागली का?" गाडी सुरू झाली का असं तिने नाही विचारलं. मला कळलं ती काय विचारतेय.

आता ज्यांना खरंच घ्यायचीय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. गाडी आणल्या आणल्या टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलून घेतला, कारण हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जातं, आधीचा मालक कितीही भला असो, यात उधारी नको. जोरात चालवून आलात तर लगेच चावी फिरवून बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, टर्बोचं बेअरिंग तेलावर फिरतं, इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि सील त्याचा विचार करून बनवलेले नाहीत, म्हणून फ्युएल लाइनचं सगळं रबर बदललं. कागदपत्रांचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठीच रिन्यू होते, फिटनेस दाखवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची फी १० हजार केलीय. मला ही फी जास्त वाटते. जो माणूस जुनी गाडी जपून, फिटनेस पास करून चालवतो त्याच्यावर ओझं कशाला? तपासणी हवी तेवढी कडक करा, दरवर्षी करा, त्याला माझी ना नाही, धूर काढणारी गाडी रस्त्यावर नकोच, पण चांगली ठेवलेली गाडी नुसत्या वयामुळे गुन्हेगार होऊ नये.

आत्तापर्यंत दोन लाखांच्या आसपास खर्च झाला. स्लाव्हियाचे जे उरले त्यातले तीन लाख वेगळे ठेवलेत, फक्त हिच्यासाठी. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ डिग्री होतं तेव्हा हिच्या एसीचं काय होतंय ते बघायचं आहे.

बऱ्याच जणांनी विचारलं की स्लाव्हियातच मॅन्युअल मिळते, सहा गिअरची, तीच घ्यायचीस. बरोबर आहे, चालवूनही बघितली, खूप छान गाडी आहे. पण तिचं स्टीअरिंग तेच, आतली शांतता तीच, इंजिनही तसंच सगळं सांभाळून घेणारं. मला असं काहीतरी हवं होतं जे सांभाळून घेत नाही. यात नवं वाईट आणि जुनं चांगलं असा माझा अजिबात दावा नाही. बायको म्हणते तिला गाडीत बसल्यावर गाडीचा विचारच करायचा नसतो, आणि तिचंही शंभर टक्के बरोबर आहे, नवी गाडी अशाच माणसांसाठी इतकी उत्तम बनवलीय.

मी आता दर रविवारी पहाटे साडेपाचला निघतो, कंपूवरून बाहेर, कधी तिघऱ्याच्या धरणापर्यंत, कधी पनिहार, घाटीगाव करत मोहन्यापर्यंत, तिथं चहा, आणि आठच्या आत घरी. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा, एक सीट मोकळी असते. आणि एक विनंती, मागच्या डाव्या दाराचं रबर बीडिंग पूर्ण गेलंय, पाऊस आला की आत पाणी येतं. पहिल्या पिढीच्या कुठल्याही ऑक्टाव्हियाचं बसेल. पुण्यात, नाशकात, औरंगाबादला कुणाच्या ओळखीत जुन्या पार्टचं दुकान असेल किंवा कुणाकडे अशी गाडी बंद पडून असेल तर प्लीज कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.