"शिक्षक चांगला असला की खोली कशीही चालते" हे खरं नाही

परत तोच मेसेज फिरतोय: गुरुकुलात झाडाखाली शिकून लोक विद्वान झाले, मग इंटरॲक्टिव्ह लर्निंगसाठी, म्हणजे पोरांनी गटात बोलत-चर्चा करत शिकण्यासाठी, युनिव्हर्सिटीला नवी बिल्डिंग कशाला, शिक्षक चांगला असला की खोली कशीही चालते, फारतर स्मार्टबोर्ड लावा. मला हे मनापासून खटकतं म्हणून लिहितोय.

आधी झाडाचं. झाडाखाली पोरं गोलात बसतात, शांतिनिकेतनात आजही बसतात, सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात, शिक्षक जवळ असतो आणि मुख्य म्हणजे तिथे बाक नसतात. म्हणजे झाडाखालचा वर्ग हीपण एक रचनाच झाली ना, आणि आम्ही तीच मागतोय.

आमच्या कॉलेजात बाक फरशीला बोल्ट मारून बसवलेले. सर म्हणायचे चौघाचौघांचे ग्रुप करा, की पुढच्या दोघांनी पाय बाहेर काढून कंबरेतून मागे वळायचं, वही मांडीवर, कुणाचं कुणाला नीट ऐकू येत नाही, आणि बाकाच्या मधोमध अडकलेल्या पोरापर्यंत तर सर पोचायचेच नाहीत. पाच मिनिटांत सगळे परत फळ्याकडे. सर उत्तम होते, आजही मानतो त्यांना.

अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाने हेच तपासून बघितलं. बायोलॉजीचा एकच कोर्स, तोच शिक्षक, एक तुकडी नेहमीच्या वर्गात, दुसरी गोल टेबलांच्या वर्गात. दुसऱ्या तुकडीचे प्रवेश परीक्षेचे मार्क कमी होते, ती मागे पडायला हवी होती, पण बरोबरीने आली. एकाच कोर्सची गोष्ट आहे, मान्य, पण खोलीने काहीच फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

स्मार्टबोर्डने तर सगळे अजूनच एका भिंतीकडे बघत बसतात. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बाइकनर यांनी फिजिक्सच्या वर्गात 7 फुटी गोल टेबलं आणली, एका टेबलाला 9 जण, तीन-तीनचे गट, आणि शिक्षक टेबलांमधून फिरतो. सिंगापूरच्या नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत (एनटीयू) 2015 साली सुरू झालेल्या बिल्डिंगमध्ये अशा 56 खोल्या आहेत, कोपरे नसलेल्या, तिथे मागचा बाक हा प्रकारच नाही.

राहिला खर्च. गोल टेबलांना माणशी जागा जास्त लागते हे खरंय. पण बिल्डिंग बांधताच आहात तर वर्गांची सपाट जमीन, हलवता येणारी टेबलं, चारही भिंतींवर फळे, जमिनीत प्लग पॉइंट हे नकाशातच ठरवा, कारण पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गाचा स्लॅब एकदा ओतला की नंतर तो फोडून सपाट करायला कोण पैसे देणार आहे?