प्रतिक्रियेला उत्तर: वासिनीला बालगृहातल्या मुलांना का नेलं नाही

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

केनियाच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते इतरांसाठी थोडक्यात मांडते, कारण प्रतिक्रिया मोठी आहे आणि एकदा खाली गेली की कुणी उघडून वाचत नाही. तुमचं म्हणणं असं: माझी ताई आणि भाऊजी केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर मिशनरी म्हणून बालगृह चालवतात, आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो, आणि लेखात बालगृहाबद्दल जेमतेम दोन परिच्छेद. बाकी सगळं वासिनी बेटाचं कौतुक. "समुद्राकाठी राहून ज्यांना बोटीत बसायला मिळत नाही त्या अनाथ लेकरांना मागे ठेवून तुम्ही चैन केलीत." त्या पैशात महिन्याचं धान्य भरलं असतं. मुलांचा एकही फोटो नाही, म्हणजे काहीतरी लपवायचंय. आणि मिशनरी म्हटल्यावर बाटवाबाटवी आलीच.

एकेक घेते, पण तुमच्या क्रमाने नाही.

मुलांना का नेलं नाही? कारण तो दिवस त्यांचा नव्हताच. तो माझ्या भाच्यांचा होता. ताईला स्वतःची दोन मुलं आहेत ही गोष्ट तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या सहसा लक्षातच येत नाही. मलाही तिथे राहिल्याशिवाय कळली नसती. बालगृहातली सगळी मुलं तिला "ममा" म्हणतात, तिची स्वतःची दोघंही तेच म्हणतात, आणि रांगेत ताट घेऊन उभी राहतात. खाऊ आला तर यांना शेवटी मिळतो, कारण "तुम्हाला आईबाप आहेत." रात्री कुणाला ताप आला, कुणी पळून गेलं, कुणाचा मामा दारू पिऊन गेटवर आला, की ताई उठून जाते. भाचा नऊ वर्षांचा आहे. बेटावर जायचं ठरलं तेव्हा त्याने विचारलं ते एवढंच, "तिथे अजून कोण कोण येणार?" आपलेच, असं सांगितल्यावर त्याने खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं.

अशा माणसांना वर्षातून एखादा दिवस घरच्यांबरोबर मिळावा, यात कुणाच्या तोंडचा घास काढला जात नाही. सेवाकार्य करणाऱ्याने सुट्टी घेतली की आपल्याकडे लोकांचा चेहरा पडतो. चर्चच्या मंडळीतही पडतो, बाहेरही पडतो. पाळकाच्या बायकोने नवी साडी नेसली तरी हिशोब मागणारे मी लहानपणापासून पाहत आलेय, त्यामुळे तुमचा सूर मला काही परका वाटला नाही.

शिवाय मुलं ताईच्या मालकीची नाहीत. ती कोर्टाच्या आदेशाने तिथे असतात. नाशिकहून पाहुणे आले म्हणून त्यांना मचव्यात घालून उघड्या समुद्रात नेणं तिच्या मर्जीवर नाही, आणि नसावंच. समुद्र त्यांना मिळत नाही हेही खरं नाही. सुट्टीत सांभाळणाऱ्या बायकांबरोबर ती काठावर जातात, ओहोटीला शिंपले वेचतात. काही तर कोळ्यांचीच मुलं आहेत. बोटीचं अप्रूप त्यांच्यापेक्षा आम्हा नाशिककरांना जास्त.

आता ते, ज्यावर मला खरंच लिहायचं होतं. तुमचा राग चुकीच्या दिवसावर आहे. आम्ही बेटावर गेलो यात आक्षेपार्ह काही नव्हतं. आक्षेप घ्यायचाच तर पाहुण्यांनी बालगृहात जाण्यावर घ्या, आमच्यासकट.

दिआनीच्या किनाऱ्यावर मोठी हॉटेलं आहेत. तिथून कधीकधी व्हॅन भरून पर्यटक यायचे. पोहणं झालं, उंटावर बसून झालं, आता दुपारी अनाथ मुलं. मुलं ओळीत उभी राहून गाणं म्हणायची, पाहुणे चॉकलेटं वाटायचे, कुणीतरी सर्वांत धाकटं पोर कडेवर घ्यायचं, डोळे पुसायचं आणि साडेचारला व्हॅन परत. ताईने हे बंद केलं. देणग्या कमी झाल्या, तिच्या स्वतःच्या मिशनमधल्या लोकांनी नाराजी कळवली, तरी केलं. आपल्याकडे आश्रमात जाऊन वाढदिवसाचा केक कापायची पद्धत आहे, तिचाच हा परदेशी भाऊ. केक कापणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या मुलाच्या वाट्याला वर्षभर येतात ते दुसऱ्यांचेच वाढदिवस.

पहिल्यांदा बालगृहात गेलं की लहान मुलं धावत येऊन पायाला मिठी मारतात, मांडीवर बसतात, हात सोडत नाहीत. आपल्याला वाटतं, किती प्रेमळ! ताईला त्याचीच काळजी वाटते. घरात वाढलेलं तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. जे लपत नाही, कुणाकडेही जातं, त्याला "आपलं माणूस" आणि "कुणीही माणूस" यांतला फरक शिकायलाच मिळालेला नसतो. रोमानियात 2000 सालानंतर यावर फार काटेकोर अभ्यास झाला. बुखारेस्टमधल्या संस्थांतली 136 लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली, निम्मी दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत ठेवली, उरलेल्यांची संस्थेतली सोय तशीच चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाला धरून राहण्याची क्षमता, सगळ्यात फरक पडला आणि जितक्या लहान वयात गेली तितका जास्त पडला. संस्थेत अन्न होतं, औषध होतं, छप्पर होतं. रोज तेच एक माणूस नव्हतं. मग दर शनिवारी नवा काका, नवी मावशी आणि संध्याकाळी टाटा, याने काय होत असेल याचा विचार करा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या डिसेंबरात बालहक्कांवर ठराव केला, त्यात अनाथाश्रमांच्या पर्यटनाने होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख आहे.

म्हणून आम्ही बालगृहात काय केलं, तर भाऊजींबरोबर पाण्याच्या टाकीचा पाइप बदलला, माझ्या नवऱ्याने ऑफिसचा हिशोब संगणकावर चढवून दिला, मी स्वयंपाकघरात कोबी चिरला. मुलांशी ओळख झाली ती येताजाता. यावर दोनच परिच्छेद लिहिले, कारण कोबीवर तिसरा लिहिता येईना.

फोटोंचं लगेच उरकते. आपल्याकडे बाल न्याय कायदा 2015, कलम 74: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, नाव नाही, शाळा नाही, फोटो नाही. केनियाचा कायदा वेगळा, पण माझा ब्लॉग नाशकात बसून लिहिला जातो. आणि कायदा नसता तरी दहा वर्षांनी कॉलेजात गेलेल्या मुलीला आपला शेंबड्या नाकाचा "अनाथ" म्हणून टाकलेला फोटो एखाद्या अनोळखी बाईच्या ब्लॉगवर सापडू नये.

पैशाचं. होय, खर्च झाला. कुठे झाला ते सांगते. शिमोनीच्या धक्क्यावरून मचवा घेतला, नावाडी आणि त्याचा पोरगा वासिनीचेच. किसिते म्पुंगुती सागरी उद्यानाचं तिकीट केनियाच्या वन्यजीव खात्याकडे गेलं. उद्यानाच्या 28 चौरस किलोमीटरांत मासेमारी पूर्ण बंद आहे, शेजारच्या 11 चौरस किलोमीटरांत फक्त पारंपरिक पद्धतीने करता येते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच घरांचं पोट आता पाहुणे नेण्याआणण्यावर आहे. डॉल्फिन दिसल्यावर नावाड्याने मचव्याचं इंजिन बंद केलं आणि मागून जोरात येणाऱ्या दुसऱ्या बोटीवर असा काही ओरडला की भाचीने कान झाकले. जेवण बेटावर. आख्खा खेकडा, तो फोडायला लाकडी पाट आणि दांडुका, नारळाच्या रसातला मासा, भात, चपात्या आणि कचुंबर. त्या किनाऱ्यावर चपाती, पुलाव, कचुंबर हे सगळं आपल्याच नावांनी मिळतं. भाचा दांडुक्याने खेकडा फोडत होता आणि तुकडे ताईच्या ताटात पडत होते. तिला एरवी जेवताना अर्ध्यातून उठावं लागतं. त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला.

बेटावर मोटारगाडी नाही, विहिरींचं पाणी मचूळ, त्यामुळे पावसाचं पाणी साठवून वापरतात. गावामागे समुद्र हटल्यावर उघडी पडलेली जुनी प्रवाळं आहेत, करडी, धारदार, पुरुषभर उंच. त्यांच्यामधून खारफुटीवरून जाणारी फळ्यांची वाट गावातल्या बायकांच्या गटाने बांधली आहे आणि तिचं तिकीटही त्याच फाडतात. आमच्या पुढे चाललेल्या बाईने एक सुटलेली फळी पायाने दाबून दाखवली, म्हणाली, पुढच्या महिन्यात खिळे येतील. तिकिटाचे पैसे गावातल्या पोरांच्या शिक्षणाला जातात.

आता हे धान्याशी ताडून पाहा. ताईकडे येणाऱ्या मुलांपैकी दोन्ही पालक गेलेली थोडीच. जगभरच्या अनाथाश्रमांत हेच चित्र आहे, बहुतेकांचं आई किंवा वडील, कुणीतरी हयात असतं. मूल येतं ते फी भरता आली नाही म्हणून, आई आजारी पडली म्हणून, बापाचं काम सुटलं म्हणून. ज्या घरात फी वेळेवर भरली जाते त्या घरचं पोर ताईच्या दारात येत नाही. धान्याची पोती आम्ही दिली नाहीत असं नाही, पण वासिनीतल्या तिकिटाचे पैसे वाया गेले हे मला कबूल नाही.

बाटवाबाटवी. प्रश्न गैर नाही, आणि मी ख्रिस्ती आहे म्हणून तो मला टोचतो असंही नाही. तो किनारा मुख्यतः मुसलमान. बालगृहात संध्याकाळी प्रार्थना होते. मुसलमान घरातल्या मुलांसाठी शनिवारी मदरशाचे उस्ताद येतात, रमजानात मोठी मुलं रोजे ठेवतात, मटण हलालच येतं. एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही. पण या प्रश्नाचं मूळ मोंबासात, त्या किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात, शोधायला जाऊ नका, ते नाशकात आहे.

शिमोनीच्या धक्क्याजवळ गुहा आहेत. झांझिबारच्या बाजाराला नेण्याआधी गुलामांना तिथे कोंडत, असं गावकरी सांगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गलबतं पकडून अशी किती तरी माणसं सोडवली आणि त्यातली बरीच मुंबईला उतरवली. मुलांना पाठवलं नाशिकच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या आफ्रिकन आश्रमात. आज शरणपूर रोडवर कपडे घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? तिथे ती वाढली, बाप्तिस्मा झाला, लिहायला-वाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकली. नावंही बदलली. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं हृदय तिथे पुरताना प्रार्थना वाचणारा आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणारा जेकब वेनराइट शरणपूरचा विद्यार्थी. याओ लोकांचा मुलगा, नाव इंग्रज. मग नाशिकच्या मिशनचाच विल्यम साल्टर प्राइस मोंबासाला गेला, 1875 मध्ये मोंबासा बेटासमोर फ्रेअर टाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाचं. नाशकात शिकलेले आफ्रिकी तिकडे शिक्षक, धर्मोपदेशक, कारागीर झाले. "परत नेलं" असं आपण म्हणू. पण त्यांतल्या अनेकांचा मुलूख आत खोल, न्यासा सरोवराकडे. मोंबासा त्यांना नाशिकइतकंच परकं.

त्या आश्रमाने त्यांना जे दिलं ते थोडं नव्हतं, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. घर मात्र दिलं नाही, देताच आलं नसतं. ताईने हे सगळं वाचलेलं आहे, आमच्या घरी त्यावर वादही झालेत. बाप्तिस्म्याची नोंद वाढवण्यापेक्षा मुलाच्या आजीचं गाव शोधण्यात तिचा बराच वेळ जातो. केनिया सरकारचंही धोरण तेच आहे. 2017 पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि 2022 ते 2032 या दहा वर्षांत मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचा आराखडा केला. ताईच्या बालगृहातल्या खाटा कमी होत चालल्या आहेत आणि ती ते अपयश मानत नाही. देणगीदारांना पटवताना मात्र तिच्या नाकी नऊ येतात. भरलेल्या खाटेला पैसे मिळतात, रिकाम्या झालेल्या खाटेला कोण देणार?

मदत करायची असेल तर काय द्यावं, असं तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकीने विचारलंय. ताईला विचारून सांगते: कपडे नकोत, खेळणी नकोत. मुलांच्या आयांना, आज्यांना भेटीसाठी येण्याजाण्याचं मटाटूचं (तिथल्या वडाप गाडीचं) भाडं हवंय, आणि घरी परत गेलेल्या मुलांची पहिल्या वर्षाची फी. मला मेल करा, कसं पाठवायचं ते कळवते.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. शेवटच्या ओळीत तुम्ही अंदाजाने संस्थेचं नाव आणि गाव लिहिलं होतं, तेवढं खोडलं आहे.