संशोधन सांगा, पण कळू देऊ नका

अभिनंदन, डॉक्टर! तुमचा शोधनिबंध छापून आला. आता वरून फर्मान आलंय की हे संशोधन जनतेपर्यंत पोचवा. घाबरू नका. पोचवायचंच आहे, कळवायचं नाही.

आपल्याच गोव्यात एकाने ही चूक करून ठेवली आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य. १५६३ साली इथे त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. विद्वानांची लॅटिन सोडून त्याने ते पोर्तुगीजमध्ये लिहिलं, तेही दोन वैद्यांच्या गप्पांच्या रूपात. पटकीचं वर्णनसुद्धा गप्पांतच! अशाने शास्त्राचा दरारा कसा राहणार? आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, आणि तिथेही लोक गप्पाच मारतात.

तुमचं व्याख्यान सत्तरी तालुक्यात ठेवलंय असं कळलं. विषय माकडताप. छान. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, इथून सुरुवात करा आणि विषाणूच्या जनुकांवर येऊन थांबा, बराच वेळ थांबा. २०१५ साली सत्तरीत साथ आली तेव्हा समोरच्या बाकावरची माणसं तिथेच होती, पण त्यांना विचारण्यात वेळ घालवू नका. तुमच्याकडे आलेख आहे. हा रोग गोचीड चावल्याने होतो, गोचिडींचा जोर नेमका काजूच्या हंगामात असतो, तेव्हा बोंडू वेचायला जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल लावा, आणि रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. हे सगळं एका दमात सांगून होतं, म्हणूनच ते शेवटच्या स्लाइडवर ठेवा. तोवर चहा आलेला असेल.

पत्रकारांसाठी टक्के वेगळे काढून ठेवा. हजारांत दोघांना होणारा आजार तुमच्या औषधाने हजारांत एकाला झाला, तर ‘धोका ५० टक्क्यांनी घटला’ म्हणा. खोटं नाही. त्याच औषधाने हजारांत एकाचं यकृत बिघडलं, तर मात्र टक्केवारीला हात लावू नका. ‘हजारांत जेमतेम एक’ म्हणा. हेही खोटं नाही. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदीर शेवटच्या परिच्छेदात सोडा. मथळ्यात उंदीर शोभत नाही.

औषध लागूच पडलं नाही? मग मौन. चाचणी सुरू करण्याआधी सरकारी नोंदवहीत तिची नोंद २००९पासून सक्तीची झाली खरी, पण ती उघडून बघतो कोण? आणि तुम्ही गप्प बसलात म्हणून लोकांचं काही अडत नाही. मे २०२१ आठवा. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध कोविडसाठी फक्त चाचण्यांपुरतंच वापरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच सांगितलं होतं. तरी आपल्या गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सरसकट सगळ्यांना ते द्यायची घोषणा केली. पुरावा बोलत नसला की गोळी बोलते. उरलेलं व्हॉट्सॲपवरचे काका बघतात.

शेवटी प्रश्नोत्तरं. ती टाळता आली तर उत्तम. सरपंचांचं भाषण थोडं लांबवायला सांगा. तरीही मागच्या रांगेतली एखादी बाई उठेलच : “डॉक्टर, त्या वर्षी तुमची माणसं माझं रक्त घेऊन गेली. त्याचं काय झालं?”

हिला सांभाळून घ्या. तुमच्या तक्त्यातल्या आकड्यांमधला एक आकडा ही बाई आहे, पण हे तिला ठाऊक नाही आणि तुम्हालाही आठवत नाही. “तुमच्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत” म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. फक्त निघताना तिचा मोबाइल नंबर तेवढा लिहून घ्या. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा रक्त लागणार आहे.