पंधरा मिनिटांचा तंदुरी मासा

कामावरून दमून परतल्यावर पंधरा मिनिटांत घरच्या घरी तंदुरी मासा होतो, असे सांगणाऱ्याने घड्याळ बहुधा मासा ओव्हनमध्ये गेल्यावर लावलेले असते. त्याआधी खान्देशातल्या घरात काय काय व्हावे लागते, हे त्याच्या गावीही नसते.

मुळात त्यासाठी वार सापडावा लागतो. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा; मंगळवारी आईची देवी असते. उरलेल्या बुधवार-शुक्रवार-रविवारात एकादशी किंवा चतुर्थी आडवी आली नाही, तर मासा घराच्या मागच्या दाराने आत येऊ शकतो. श्रावणाचा तर विषयच काढू नये.

वार सापडला की मासा शोधायचा. जळगावच्या बाजारात बर्फातली सुरमई मिळते, पण तिचा प्रवास किती झाला आहे हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसते. त्यापेक्षा तापीवरच्या हतनूर धरणातला रहू किंवा कटला बरा. फक्त त्यांच्या मांसात दुफाट्याचे बारीक काटे इतके असतात की जेवताना संभाषण बंद ठेवावे लागते. मरळीला असे काटे नसतात, म्हणून तंदुरीसाठी मी मरळ पसंत करतो, आणि ही गोष्ट मासेवाल्या मावशींनाही ठाऊक असल्याने भाव त्याच पसंत करतात. "दादा, रस्स्याचेच करू ना?" असे विचारता विचारता त्यांचा कोयता खाली आलेला असतो. तंदुरीसाठी जाड तुकडे हवेत आणि त्यांवर हाडापर्यंत तिरक्या चिरा हव्यात, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी डोकेही पिशवीत टाकायला सांगून विषय मिटवला.

खरी परीक्षा दह्याची. पातळ दही लावले तर ओव्हनमध्ये त्याचे पाणी सुटते आणि मासा भाजण्याऐवजी उकडतो. म्हणून दही फडक्यात टांगून चक्का करायचा, त्यात आले-लसूण, काश्मिरी मिरची, हातावर चोळलेला ओवा, मोहरीचे तेल आणि मसाला तुकड्याला धरून राहावा म्हणून थोडे भाजलेले बेसन घालायचे. आमच्या घरी असे फडके एकच, श्रीखंडाचे. ते खिडकीला टांगलेले पाहून आईने चौकशी केली. "अजून नुसतं दहीच आहे," मी म्हणालो. दही शुद्ध होते, पण त्याचा हेतू शुद्ध नव्हता, आणि आईच्या शास्त्रात हेतूलाही विटाळ होतो. फडके बाद झाले.

मुरवण्याच्या बाबतीत घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. कोंबडी रात्रभर मुरते, मग मासा का नको, असा मेहुण्यांचा युक्तिवाद होता. माशाचे मांस नाजूक. लिंबाच्या आंबटपणात ते फार वेळ राहिले तर भाजण्याआधीच पांढरे पडून भुसभुशीत होते, तेव्हा अर्धा तास पुरे, हे त्यांना समजावण्यात तो अर्धा तास सत्कारणी लागला.

नानकटाईच्या ओव्हनमध्ये मासा जाणे शक्यच नव्हते, म्हणून मासळीचा वेगळा ओव्हन मागच्या ओट्यावर लांब वायर ओढून बसवलेला आहे. हॉटेलातला तंदूर ४०० अंशांच्या वर तापतो, त्यामुळे मासा बाहेरून झटकन करपतो आणि आत रसरशीत राहतो. आमचा ओव्हन २५० वर धापा टाकतो. तेव्हा तुकडे जाळीवर अगदी वरच्या कप्प्यात ठेवायचे, फक्त वरची सळई तापवायची, कडा काळ्या पडू लागल्या की उलटायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. मे महिन्यात, बाहेरच ४५ अंश असताना, हे काम करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आच लागते.

शेजारचे काका भिंतीवरून हा सोहळा पाहत होते. त्यांच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जात होती, साली तडतडत होत्या आणि धुराचा तो वास, ज्यासाठी मी एवढी वायर ओढली होती, फुकटात आमच्याकडे येत होता. "वीज कशाला जाळतो? दे इकडे," काका म्हणाले, आणि त्याच क्षणी वीज गेली. महावितरणचे वेळापत्रक काकांना ठाऊक असावे, असा मला दाट संशय आहे. अर्धवट झालेली जाळी भिंतीवरून पलीकडे गेली आणि निखाऱ्यांवर थोड्याच वेळात अशी काही भाजून परत आली की ओव्हनकडे पाहण्याची मला हिंमत झाली नाही.

मेणबत्तीच्या उजेडात पाने मांडली. वडिलांनी लालभडक तुकडा उचलून नीट निरखला.

"हाई काय शे?"

"तंदुरी."

"ते ठीक. रस्सा कोठे शे?"

मी उत्तर देण्याआधीच बायकोने पातेल्यावरचे झाकण काढले. मी चक्क्याशी झगडत होतो तेव्हाच तिने ते डोके खान्देशी काळ्या मसाल्यात टाकून गॅसवर चढवले होते आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीही थापून ठेवल्या होत्या. तंदुरी मासा सगळ्यांनी फार आवडीने खाल्ला, रस्स्यात बुडवून.