गाडीतल्या घराचा विमा आणि 'ते लिहू नका'

व्हॅनमध्ये संसार थाटायचं खूळ आता आपल्या कोकणातही आलंय. आमचीही एक गाडी आहे, एमएच ०८ची. ओटा, पलंग, बॅटरी, छोटा फ्रिज, छतावर सोलर. विम्याची वेळ आली तेव्हा एजंट म्हणाला, "वहिनी, आत काय केलंय ते लिहू नका, उगाच हप्ता वाढेल."

मला हे साफ नामंजूर आहे. एजंट कितीही घरोब्यातला असो, हा सल्ला ऐकू नका.

कंपनी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढते ती मूळ मॉडेलच्या किमतीवरून, आणि पाचव्या वर्षी त्यातून ५० टक्के घसारा जातो. आतलं काम नोंदवलंच नाही, तर गाडी जळाल्यावर ओट्याचा छदामही मिळत नाही. वर 'बदल लपवला' म्हणून अख्खा क्लेम लटकू शकतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करताही येत नाहीत. खासगी वापराची 'कॅम्पर व्हॅन' असा वर्ग सरकारी यादीत आहे. त्यात नोंद करायची म्हणजे हेलपाटे आले, कबूल. घर बांधताना ग्रामपंचायतीत कमी खेपा घालतो का आपण?

एकदा पॉलिसीचं ते बारीक अक्षर वाचाच. पूर, वादळ, दरड, चोरी, आग हे सगळं पूर्ण पॉलिसीत येतं. नुसत्या थर्ड पार्टीत यातलं काहीच नाही. गाडी देशांतर्गत जलमार्गाने नेतानाचं नुकसानही पूर्ण पॉलिसीत आहे. दाभोळ-धोपावे जंगलजेटीवर, म्हणजे खाडीतल्या फेरीबोटीवर, गाडी चढवताना ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांना बरं वाटेल! पण खाऱ्या हवेने पत्रा गंजला तर ती झीज, तिचे पैसे नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत तेही नाही. त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालेलं पाहिल्यावर ते घ्यावं की नको, असा प्रश्न मला तरी पडत नाही.

खरी गोची सामानाची. कपडे, लॅपटॉप, भांडीकुंडी मोटार पॉलिसीत येत नाहीत. 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी आहे, पण ती इमारतीसाठी आणि तिच्यातल्या सामानासाठी. म्हणजे चाकं आहेत म्हणून घर नाही, आणि आत बिछाना आहे म्हणून गाडीचा विमा देणाऱ्यांनाही आपण नकोसे. कंपन्यांनी अशा गाड्यांसाठी एकच सरळ पॉलिसी आणावी, लोक जास्त पैसे मोजतील.

आणि सीझनला मुंबईकरांना दोन दिवस भाड्याने देणाऱ्यांनो, खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही. तेव्हा अपघात झाला तर कंपनी हात वर करेल.

अशी एकच पॉलिसी येईतोवर बॅटरी, फ्रिज, सोलर यांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्या आणि बिलं जपून ठेवा. सुताराकडूनही बिल मागा. तो हसेल, पण मागा.